माळावरची शिलावर्तुळे

नागपूरहून काटोलच्या रस्त्याने निघालात, तर शहर मागे पडल्यावर थोड्याच अंतरावर जुनापाणीचा माळ लागतो. जमीन बरड, मुरमाड. ह्या माळावर मोठमोठे काळे धोंडे गोल मांडून ठेवलेले दिसतात. धोंडे अर्धे जमिनीत रुतलेले, आणि आतली जागा मुरूम व दगडगोटे घालून किंचित उंचवलेली. दुरून पाहणाऱ्याला वाटावे, कोणाची तरी मळणीची खळी ओस पडली आहेत. पण एका माळावर सुमारे तीनशे खळी कोण करील? आणि खळ्याच्या कडेला चार माणसांना न हलणारे धोंडे कशाला?

नागपूर-वर्ध्याकडच्या मंडळींनी अशी वर्तुळे गुरांमागे हिंडताना कधी ना कधी पाहिली असतील. जुनी माणसे सांगत, की ही गवळ्यांची. एके काळी ह्या मुलखावर गवळ्यांचे राज्य होते, त्यांच्या ह्या खुणा. दक्षिणेत अशाच दगडी रचनांचे नाते लोकांनी पांडवांशी लावले आहे. ज्या वस्तूचा कर्ता ठाऊक नाही ती पांडवांच्या नावावर मांडायची, ही आपली जुनी सोय आहे. नाशिकच्या लेण्यांचेही आपण तेच केले.

खरे काय ते आता पुष्कळसे कळले आहे. ही वर्तुळे म्हणजे मृतांची स्मारके आहेत, आणि त्यांचा काळ ढोबळमानाने इ. स. पूर्व ८०० ते ४०० असा धरतात. हा काळ किती मागचा, ते नुसत्या आकड्याने ध्यानात येत नाही. शिवछत्रपतींचा राज्याभिषेक १६७४ साली झाला. त्याला साडेतीनशे वर्षे होऊन गेली. ह्या वर्तुळांपाशी जायचे, तर तेवढ्या सात उड्या मागे माराव्या लागतात. तेव्हा सातवाहनांचे राज्य व्हायचे होते, अजिंठ्याच्या कड्याला छिन्नी लागायची होती. तिकडे मगधात गौतम बुद्ध उपदेश करीत हिंडले, त्याच्याच आगेमागे इकडे विदर्भात ही माणसे आपल्या मृतांभोवती धोंडे ओढून आणीत होती. त्यांनी लिहिलेला एक अक्षरही आपल्यापाशी नाही. जे काही आहे ते ह्या दगडांच्या पोटात, आणि तेही दगड जागच्या जागी असतील तरच. हा ‘तरच’ महत्त्वाचा आहे. तो कसा, हे कळण्यासाठी ही वर्तुळे उकरणाऱ्यांची हकीकत आधी सांगितली पाहिजे.

नागपुरातल्या हिस्लॉप कॉलेजचे नाव तुम्ही ऐकले असेल. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ साली नागपुरास आले. धर्मप्रचार आणि शाळा हे त्यांचे काम. पण दगड, खनिजे, जुन्या खुणा आणि ह्या प्रांतातल्या आदिवासींच्या चालीरीती ह्यांचा त्यांना विलक्षण नाद. १८६३ च्या सप्टेंबरात प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल ह्यांच्याबरोबर ते बोरीजवळच्या टाकळघाटची दगडी वर्तुळे पाहायला गेले. दिवस पावसाळ्याचे. ४ सप्टेंबर रोजी तिकडून परतताना फुगलेल्या नाल्यात ते बुडून मरण पावले. आदिवासींविषयी त्यांनी लिहून ठेवलेले कागद पुढे टेंपलसाहेबांनी १८६६ साली छापून काढले. विदर्भातल्या ह्या मृतांच्या शोधाचा आरंभ असा एका मृत्यूने झाला.

त्यानंतर चार वर्षांनी, १८६७ मध्ये, जे. एच. रिव्हेट-कार्नाक ह्यांनी जुनापाणीची काही वर्तुळे उकरली. हे गृहस्थ कापसाचे कमिशनर. वऱ्हाड-नागपुरात कापसाचा कमिशनर म्हणजे केवढा वजनाचा माणूस, हे तुम्हांला सांगायला नको. त्यांना आत लोखंडाच्या वस्तू सापडल्या: खंजीर, चपट्या कुऱ्हाडी, कुदळीसारखी हत्यारे, छिन्न्या, कडी, आणि घोड्याच्या तोंडातले लगाम. ह्या सगळ्यांवर त्यांनी १८७९ मध्ये लेख प्रसिद्ध केला, आणि वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकल्या. त्या आजही तेथे आहेत.

त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या काळी जगभर असेच उकरीत. खड्डा करायचा, वस्तू वर काढायच्या, चांगल्या त्या ठेवायच्या. पण नुकसान व्हायचे ते झालेच. लंडनच्या कपाटातली कुऱ्हाड पाहून ती लोखंडाची आहे आणि अशा अशा घडणीची आहे, एवढे कळते. ती कोणाच्या उशाशी होती की पायथ्याशी, तिच्याजवळ मडके होते का, त्या मडक्यात काय होते, जवळची हाडे पुरुषाची होती की बाईची, हे त्या कुऱ्हाडीला विचारून कळत नाही. पेवाचे उदाहरण घ्या. आधी भरलेले धान्य तळाशी, मागून भरलेले वर. कोणी सगळे पेव उपसून अंगणात रास घातली, की कोणत्या सालचे धान्य कोणते, हे सांगणारा कोणी उरत नाही. जमिनीच्या पोटातले थर असेच असतात.

थरांचा हिशेब ठेवून उकरण्याची पद्धत आपल्याकडे रुजवली ती मॉर्टिमर व्हीलर ह्यांनी. कर्नाटकात ब्रह्मगिरीला १९४७ मध्ये त्यांनी अशाच महापाषाणी दफनांचा काळ थरांच्या आधाराने ठरवून दाखवला. पुढे १९६१-६२ मध्ये पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर ह्यांनी जुनापाणीची तीन वर्तुळे ह्या रीतीने पुन्हा उकरली. आणि मग शांताराम भालचंद्र देव ह्यांनी विदर्भात जे काम उभे केले, त्याला तोड नाही. १९६८-६९ मध्ये टाकळघाट आणि खापा, १९७० ते ७२ मध्ये माहुरझरी, आणि १९७७ ते ८० मध्ये अरविंद जामखेडकर ह्यांच्यासह नायकुंड. नागपूर विद्यापीठ, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्याचे पुरातत्त्व खाते ह्यांची माणसे उन्हातान्हात बसून ब्रशाने माती झाडीत होती. वस्तू बाहेर काढण्याआधी ती जेथे होती तेथे तिचे चित्र, तिचे माप, तिची नोंद. आपण आज जे जाणतो, त्यातले बहुतेक ह्या कंटाळवाण्या वाटणाऱ्या नोंदींतून आले आहे.

आता वर्तुळाच्या आत चला. वरचा मुरूम आणि गोटे काढले, की बऱ्याच ठिकाणी चिकट काळी माती लागते. ही माती त्या बरड माळाची नव्हे. नदीकाठच्या चांगल्या जमिनीतून ती वाहून आणली असली पाहिजे. मडकी, हत्यारे आणि हाडे तिच्या आसऱ्याने असतात. पण सबंध सांगाडा क्वचितच. बहुतेक ठिकाणी थोडीच हाडे, आणि एकाच वर्तुळात एकाहून अधिक माणसांची. ह्यावरून जाणत्यांचे मत असे, की मृतदेह आधी दुसरीकडे कोठे तरी ठेवीत किंवा पुरीत, आणि काही काळाने उरलेल्या अस्थी गोळा करून वर्तुळात विधिपूर्वक ठेवीत. आपल्याकडेही अग्नी दिल्यावर अस्थी सावडायच्या आणि मग त्या तीर्थाला न्यायच्या, असे दोन टप्पे असतातच.

ह्याच्या शेजारी पश्चिम महाराष्ट्रातला एक दाखला ठेवून पाहा. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून अनेक वर्षे उत्खनन केले. ही वस्ती विदर्भातल्या वर्तुळांच्या आधीची, तांब्या-दगडाच्या हत्यारांची. तेथली माणसे आपले मृत घरातच, जमिनीखाली किंवा अंगणात पुरीत. लहान मूल गेले, की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवीत आणि त्यांत त्या मुलाला निजवीत. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळतात. मेलेल्याने उठून चालू नये, अशी काही भीती त्यामागे असावी. म्हणजे माया आणि भय दोन्ही एकाच घरात नांदत होती. विदर्भातल्या लोकांनी मृतांना घराबाहेर नेले, गावाबाहेर माळावर नेले, आणि त्यांच्याभोवती धोंड्यांचे कडे घातले. हे कडे मृताला आत ठेवण्यासाठी की जिवंतांना बाहेर, हे दगड सांगत नाहीत. माझ्या मते त्यात मानाचा भाग मोठा आहे. नुसत्या भयापोटी माणूस इतकी उस्तवारी करीत नाही. आणि हा मान सर्वांच्या वाट्याला आला असेल असेही दिसत नाही. एवढे धोंडे ओढायचे, दुरून माती आणायची, लोखंड आणि तांबे पुरून टाकायचे, म्हणजे मागे बरेच हात आणि बरीच ऐपत हवी. गावात मेलेल्या प्रत्येकासाठी असे वर्तुळ झाले असते, तर आज माळावर पाय ठेवायला जागा उरली नसती.

घोड्याचे स्थान फार मोठे. माहुरझरीला माणसांच्या अवशेषांबरोबर घोड्यांचे अवशेष आणि घोड्याच्या डोक्यावर घालायचे तांब्याच्या पत्र्याचे शिरोभूषण मिळाले आहे. पोळ्याला आपण बैलाच्या कपाळाला बाशिंग बांधतो, तसेच समजा. फक्त हे तांब्याचे, आणि धन्याबरोबर जमिनीत गेलेले. लोखंडी लगाम तर अनेक ठिकाणी आहेत. घोडा बाळगणारे, खंजीर लावणारे असे कोणी मातबर लोक ह्या समाजात होते, हे त्यावरून उघड दिसते.

पण मला विचाराल, तर खंजिरांपेक्षा कुऱ्हाडी पाहाव्यात. चपटे पाते, आणि ते दांड्याला घट्ट बसावे म्हणून त्याच्याभोवती आडव्या लोखंडी पट्ट्या. शिवाय वाकस, छिन्न्या, खुरपण्या-खणण्याची हत्यारे. सुताराच्या पडवीत आजही ज्यांचे भाऊबंद सापडतील अशी ही हत्यारे आहेत. दगडाच्या कुऱ्हाडीने एक झाड पाडायला जो वेळ लागतो, तेवढ्यात लोखंडाच्या कुऱ्हाडीने झाडांची रांग पडते. विदर्भातली झाडी हटवून काळ्या जमिनीला हात घालणे कोणाला शक्य झाले असेल, तर ते लोखंड हाती असलेल्यांनाच.

आणि हे लोखंड बाहेरून आयात केलेले नव्हते, ही नायकुंडची बातमी. पारशिवनी तालुक्यात पेंच नदीच्या काठी हे गाव आहे. तेथे वर्तुळांजवळच्या वस्तीत लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. लहानशी, गोल, बाकदार विटांची; तिच्यात भात्याचा वारा नेणाऱ्या मातीच्या नळ्या, आणि आसपास लोहकीट. काळ सुमारे इ. स. पूर्व ७००. शिक्षक बंधुभगिनींनो, ह्या भट्टीचे शास्त्र वर्गात सांगण्यासारखे आहे. तांबे १०८५ अंशांना वितळते. लोखंडाला १५३८ अंश लागतात. एवढी उष्णता त्या भट्टीला साधणारी नव्हती. मग लोखंड निघाले कसे? लोहदगड आणि लोणारी कोळसा एकत्र पेटवून भाता चालवला, की कोळशाचा वायू दगडातला ऑक्सिजन ओढून घेतो. दगडातली घाण वितळून कीट होऊन वाहते. लोखंड मात्र न वितळता स्पंजासारख्या गोळ्याच्या रूपाने तळाशी राहते. तो गोळा तापवून तापवून घणाने ठोकायचा, म्हणजे उरलेले कीट झडते आणि कामाचे लोखंड हाती येते. मंडला भागातले अगरिया लोक ह्याच रीतीने विसाव्या शतकातही लोखंड काढीत होते. व्हेरियर एल्विन ह्यांनी १९४२ मध्ये त्यांच्यावर एक ग्रंथच लिहिला. लोहकिटाला आपले वैद्य मंडूर म्हणतात, आणि जितके जुने तितके औषधाला चांगले मानतात. नांगरताना जड, काळा, बुडबुड्यांच्या भोकांचा दगड फाळाला लागला, तर तो उचलून फेकण्याआधी हे आठवा.

भट्टीचा हा लोहार राहत होता कुडाच्या घरात. घर केव्हाच मातीला मिळाले. राहिले ते जमिनीतले खांबांचे खळगे, चुलीची राख आणि जळालेले दाणे. टाकळघाट, नायकुंड, भागीमोहारी अशा वस्त्यांच्या उत्खननांत तांदूळ, गहू, जव, मसूर अशी धान्ये ओळखता आली आहेत. ताटातले फारसे बदललेले नाही म्हणायचे. भांडी आतून आणि काठाशी काळी, बाहेरून तांबडी. ती तशी रंगवलेली नाहीत. मडके पालथे घालून भाजले, की आतल्या बाजूला वारा न लागल्याने ती काळी राहते आणि बाहेरची बाजू लाल होते. कुंभारकाम करणाऱ्या घरातल्या मुलाला हे क्षणात पटेल.

कलेचे म्हणाल, तर त्यांचा हात मण्यांवर बसलेला. माहुरझरी हे अकीक आणि तशा रंगीत दगडांचे मणी घडवण्याचे मोठे ठिकाण होते. कठीण दगड फोडायचा, घासून गोल करायचा, त्याला दोन्ही बाजूंनी भोक पाडायचे. काही तांबड्या मण्यांवर पांढऱ्या रेघा आहेत. त्या रंगाच्या नव्हेत. खाराच्या लगद्याने रेघ ओढून मणी भाजला, की ती रेघ दगडात कायमची उमटते. अडीच हजार वर्षे मातीत राहूनही ती गेली नाही. भांड्यांच्या झाकणांच्या शेंड्यावर कधी कधी पक्षी बसवलेले असतात. आणि जुनापाणीच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान लहान खळगे ओळीने कोरले आहेत. त्यांचा दिशांशी आणि आकाशाशी संबंध असावा, असे मत काही शास्त्रज्ञांनी मांडले आहे. ते खरे ठरो वा न ठरो, पण ते मांडता आले ते धोंडे मूळच्या जागी, मूळच्या तोंडाने उभे होते म्हणून. एखादा धोंडा कोणी बांधावर नेऊन टाकला असता, तर त्याच्यावरचे खळगे राहिले असते, दिशा गेली असती.

आणि नेमके हेच आता होत आहे. वर्तुळे बरड जमिनीवर आहेत, म्हणून शेकडो वर्षे नांगरातून वाचली. त्या लोकांनी कसण्याची जमीन सोडून मृतांना बरड दिली, हा त्यांचा हिशेबीपणा आपल्या पथ्यावर पडला. पण रस्त्याला मुरूम लागतो तो बरडावरचाच. घराच्या पायाला, बंधाऱ्याला धोंडे लागतात ते हेच. यंत्राने एका दिवसात माळ सपाट होतो, शहर वाढत येते, तसे प्लॉट पडतात. शिवाय गुप्तधनाच्या आशेने रात्री उकरणारे आहेतच. त्यांना एवढेच सांगावे, की आत हंडा नाही. गंजलेले लोखंड आहे, फुटकी मडकी आहेत, आणि कोणाची तरी हाडे आहेत.

कायदाही जाणून ठेवा. जुनापाणी, टाकळघाट आणि नागपूर जिल्ह्यातली आणखी अनेक वर्तुळे केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकांत आहेत. १९५८ च्या कायद्याने त्यांना हात लावणे गुन्हा आहे. जमिनीत पुरलेले मोलाचे काही सापडले आणि त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असली, तर कलेक्टरला कळवावे लागते, असे १८७८ चा कायदा सांगतो. मात्र यादीत नसलेली वर्तुळेही पुष्कळ आहेत, आणि ती कोठे आहेत हे सरकारी कचेरीपेक्षा गुराख्याला अधिक चांगले माहीत असते.

तेव्हा शाळांनी एक करावे. गावाच्या शिवारात असे वर्तुळ असेल, तर मुलांना घेऊन तेथे जावे. दोरी आणि टेप न्यावा. वर्तुळ या टोकापासून त्या टोकापर्यंत किती मीटर, कडेला धोंडे किती, त्यांतले उभे किती, पडलेले किती, कोणाच्या सर्व्हे नंबरात, जवळचा नाला किंवा टेकडी कोणत्या दिशेला, हे वहीत उतरवावे. खळगे असलेला धोंडा दिसला, तर खळगे मोजावेत आणि ते कोणत्या बाजूला आहेत ते लिहावे. उकरू नये, दगड हलवू नये, वर पडलेले खापरसुद्धा घरी आणू नये. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी, एक नागपूरच्या पुरातत्त्व कचेरीला पाठवावी. त्यासाठी माघ-फाल्गुनाचे दिवस चांगले. गवत वाळून बसलेले असते, धोंडे उघडे पडतात. जायचे ते सकाळी लवकर. तिरप्या उन्हात धोंड्यांच्या सावल्या लांब पडतात, आणि भर दुपारी पायाखालून जाऊनही न कळणारे वर्तुळ तेव्हा बांधावरूनच दिसते.